चाळीस पाय आणि अकरा मिनिटं

मी बोलतोय, पण माझा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. लोकर रंगवण्याच्या कारखान्यात, सहा नंबरच्या हौदाशेजारी भिंतीवर एक राखाडी पेटी आहे. तिच्या आत हिरव्या पट्टीवर बसलेला, काळ्या अंगाचा, चाळीस पायांचा मी एक जुना मायक्रोप्रोसेसर. पाय चाळीस, पण आयुष्यात एक पाऊल चाललेलो नाही.

माझा जन्म वाळूतून झाला. वाळूतून सिलिकॉन काढतात, त्याच्या आरशासारख्या चकत्या करतात आणि एकेका चकतीवर आम्हा भावंडांची शेकडो चित्रं कोरतात. आमच्या कुळातला थोरला जन्मला तो टेबलावरच्या हिशेबयंत्रासाठी. त्याच्या पोटात जेमतेम तेवीसशे ट्रांझिस्टर होते आणि एका वेळी तो चारच बिटांचा घास घेई. पण पूर्वी ज्याला कपाटंच्या कपाटं लागायची ते काम त्यानं नखाएवढ्या जागेत करून दाखवलं. त्याचं नाव निघालं की आजही माझी मान आदरानं लवते. माझ्यापर्यंत येईतो घास आठ बिटांचा झाला, ट्रांझिस्टर साडेआठ हजार झाले आणि सेकंदाला पंचवीस लाख ठोके पडू लागले. या वेगाचा मला भारी गर्व होता.

मला इथं आणलं ते बाईंनी. त्या तेव्हा नुकत्याच इंजिनिअर झाल्या होत्या आणि त्यांचे वडील इथले मुख्य रंगारी होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. हौद किती भराभर तापवायचा, वाफ कुठं कमी करायची, हे बाबा वासावरून आणि लोकरीच्या लडीला बोट लावून ठरवत. त्यांचा डाळिंबी रंग दुसऱ्या कुणालाच साधत नसे. पण त्यांची नजर अधू होत चालली होती.

मला पाहून बाबा म्हणाले, "हे चाळीस पायांचं झुरळ मला रंगवायला शिकवणार?"

"शिकवणार नाही बाबा, शिकणार. तुम्ही सांगा, मी लिहिते."

चार महिने बाई हौदाजवळ वही घेऊन बसल्या. बाबांची प्रत्येक सवय त्यांनी माझ्या भाषेत, दोन-दोन अक्षरांच्या आकड्यांत उतरवली. मग बाप-लेक समोरासमोर बसायचे. बाबा चष्मा सावरत वाचायचे, "तीन ई." बाई चिपवर लिहायच्या यंत्राची बटणं दाबत म्हणायच्या, "तीन ई." तीन ई म्हणजे माझ्या भाषेत 'पुढचा आकडा हातात घे'. बाबांना अर्थ कळत नसे, पण आपलं आयुष्य आपण वाचतोय असा त्यांचा सूर असे. ते सगळं शेजारच्या मेमरी चिपमध्ये गेलं. तिच्या डोक्यावर काचेची छोटी खिडकी आहे. त्या खिडकीतून ऊन आत गेलं की लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून बाईंनी तिच्यावर कागदी पट्टी चिकटवली.

पहिली लड बाहेर आली. बाबांनी ती दारातल्या उजेडात नेऊन डोळ्यांजवळ धरली. "जमलंय," ते म्हणाले, "पण घाई करतो हा. शेवटी थांबतच नाही."

मला राग आला. माझा वेग हाच तर माझा मोठेपणा! पण बाईंनी त्याच दिवशी वहीत एक ओळ वाढवली. रंग चढला की आच तशीच धरून थांबायचं. मग जो डाळिंबी उतरला, तो पाहून माझा राग पळाला.

बाबा गेले. बाई निवृत्त झाल्या. मी मात्र चाळीस वर्षं बाबांचा डाळिंबी काढत राहिलो.

मग आले आमचे स्टोअरकीपर. माणूस सोन्यासारखा, पण स्वच्छतेपायी वेडा, म्हणून सगळे त्यांना टापटीपराव म्हणतात. वार्षिक सुट्टीआधी त्यांनी आम्हाला पेटीतून काढलं, ब्रशनं घासलं, शेजारणीवरची ती कळकट, अर्धवट सुटलेली कागदी पट्टी खरवडून काढली आणि काच लख्ख पुसून आम्हाला गॅलरीत उन्हात वाळत ठेवलं. महिनाभर! मी ओरडत होतो, पण पालथ्या घड्यावर पाणी.

सुट्टी संपली, वीज आली. मी शेजारणीला, म्हणजे त्या मेमरी चिपला, विचारलं, पहिलं काम काय? ती म्हणाली, छप्पन्नाव्या घरी जा. तिथं गेलो, तर तिथंही तेच लिहिलेलं, छप्पन्नाव्या घरी जा. सगळी घरं कोरी झाली की माझ्या भाषेत एवढाच एक हुकूम उरतो. घाण्याच्या बैलासारखा मी फिरत राहिलो. हौद थंडगार.

"प्रोसेसर गेला," धाकटे मालक म्हणाले. "म्हातारं खोड ते. नवीन यंत्र बसवू."

"आणि डाळिंबी?" टापटीपरावांनी हळूच विचारलं. मालकांनी थंड हौदात डोकावलं. शेवटी म्हणाले, "बाईंना बोलवा. एक हौद चालवून बघू. नाही जमलं तर पेटी भंगारात."

बाई काठी टेकत आल्या, सोबत त्यांची इंजिनिअर लेक. बाईंनी माझ्या पाठीवर बोट ठेवलं. "गरम आहे. जिवंत आहे हा." मग शेजारणीकडे पाहून म्हणाल्या, "हिच्यावरची पट्टी कुठंय?"

टापटीपरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच काढली, बाई. घाण दिसत होती."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून जुनी वही आणि चिपवर लिहायचं ते यंत्र काढलं. आता लेक बटणं दाबू लागली आणि बाई वाचू लागल्या. पानामागून पान गेलं. शेवटच्या पानावर बाई अडल्या. "तीन ई," त्या म्हणाल्या, आणि पुढचा आकडा डाळिंबी रंगाच्या डागाखाली गेला होता. नेमका थांबण्याच्या मिनिटांचा.

"आई, अंदाजानं पंधरा टाकूया?"

"अंदाजानं नाही. मी मोजून लिहिलं होतं." बाई डोळे मिटून बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "बाबा त्या वेळात चहा करायचे. रंगाला बसू द्यावं, आपणही बसावं, म्हणायचे. शेगडी आहे का?"

टापटीपराव धावतच शेगडी घेऊन आले. बाईंनी बाबांसारखं आधी पाणी उकळलं, चहापूड टाकली, दूध घातलं, बशीत ओतून फुंकर मारत सावकाश चहा प्यायला, कप विसळला आणि खिळ्याला अडकवला. लेकीच्या मोबाइलवर वेळ मोजली जात होती. त्या मोबाइलच्या आत कोट्यवधी ट्रांझिस्टर बाळगणारा आमच्याच कुळातला कुणी खापरपणतू बसला होता आणि एका म्हातारीचा चहा मोजत होता. मला फार अभिमान वाटला त्याचा.

"दहा मिनिटं, त्रेपन्न सेकंद," लेक म्हणाली.

"अकरा!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "शून्य बी! हो गं, शून्य बीच होतं ते."

शून्य बी म्हणजे आमच्यात अकरा. हौद तापला. शेवटी मी थांबलो. लड बाहेर आली तशी बाई ती दारातल्या उजेडात घेऊन गेल्या, बाबांसारखी डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाल्या, "जमलंय." मालकांनी न विचारताच पेटी बंद करून भिंतीवर टांगली. आता शेजारणीवर नवी पट्टी आहे. तिच्यावर टापटीपरावांनी स्वतःच्या ठळक अक्षरात लिहिलंय, 'हात लावू नये.'

आता मी थकलोय. अठ्ठेचाळीस वर्षं बनवल्यानंतर माझ्या जातीचं उत्पादन कायमचं बंद झालं, असं बाईंची लेक सांगत होती. उद्या मी गेलो तर माझ्या जागी कुणीही हुशार येऊ दे, मला हेवा नाही. त्याला वही नीट वाचून दाखवा, एवढंच.

सेकंदाला पंचवीस लाख ठोके मोजणाऱ्याला अकरा मिनिटं म्हणजे एकशे पासष्ट कोटी ठोके. तेवढे मी रोज मोजतो आणि काहीही करत नाही. खिळ्याला तो कप अजून टांगलेला आहे. बाबांचा चहा होईपर्यंत मला कुणी घाई करू नका.