टोपडं घातलेलं हत्यार

दगडाला काय कळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचू नये. मी भांडुपच्या सुलक्षणा पेडणेकरांचा वरवंटा. काळा, गुळगुळीत, हातात घेतला की मनगटाला जाणवणारा.

माझा जन्म खाणीतला. टाकाऱ्याने ठोकून ठोकून मला आकार दिला. सुलक्षणाबाईंच्या सासूने मला पाट्यासकट घरी आणलं आणि पुढे सुनेच्या स्वाधीन केलं. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, तिरफळं, सगळं माझ्या अंगाखालून गेलं. पाट्याला टाकी लावून घेताना पाटा कुरकुर करायचा. तो मुळातच रडका.

त्र्याऐंशी साली घरात मिक्सर आला. काय तो आवाज! चार मिरच्या वाटायला अख्खी बिल्डिंग जागी. पाट्याची रवानगी मोरीत झाली, त्याच्यावर बादली बसली. माझंही तेच व्हायचं, पण मालकांनी मला उचललं आणि आपल्या टेबलावर कागदांवर ठेवलं. वरचा पंखा फुल्लवर चालायचा, त्यामुळे माझी गरज होती.

मालक म्हणजे दशरथ पेडणेकर. दिवसा सरकारी कचेरीत कारकून, संध्याकाळी साहित्याचे समीक्षक. मासिकांत त्यांचे लेख यायचे. ‘उथळ’, ‘बेगडी’ आणि ‘कृतक’ हे तीन शब्द ते प्रत्येक लेखात मिठासारखे टाकत. नवे लेखक त्यांना टरकून असत.

पण माझ्याखाली कागदांचे गठ्ठे दोन होते. वरचा समीक्षेचा. खालचा वाचला आणि मी दगड असूनही हादरलो. पेशवाईतलं पुणं, अमावास्येची रात्र, सावकाराच्या माडीवर पडलेलं प्रेत! ज्या हरेश्वरांच्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांवर आमचे मालक मासिकातून तुटून पडत, ते हरेश्वर म्हणजे खुद्द आमचे मालकच. शनिवारी खून करायचा आणि रविवारी त्याच खुनाला नावं ठेवायची, असा कारभार चार वर्षं चालला होता.

हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. नवरा समीक्षा लिहितो म्हटल्यावर ती त्या टेबलाकडे फिरकतच नसे. मात्र वाचनालयातून हरेश्वरांचं नवं पुस्तक आलं की गॅसवर दूध उतू जायचं.

“काय लिहितो हा माणूस!” ती म्हणायची. “तुमचे सगळे लेख एकीकडे आणि ह्याचं एक प्रकरण एकीकडे.”

“उथळ आहे गं,” मालक म्हणत.

“असू दे उथळ. तुम्ही लिहून दाखवा ना!”

मालक मान खाली घालून टेबलाशी येत. चेहरा फुललेला, आणि डोळ्यांत पाणी. आपली बायको आपल्यावर इतकी खूष आहे आणि आपल्यालाच ते कौतुक आपलं म्हणून घेता येत नाही, ह्याचं त्यांना फार वाईट वाटायचं. सांगावं, तर समीक्षक म्हणून मिळवलेलं नाव जाणार. चारचौघांत हसं होणार ते वेगळंच.

एकदा बाई बाजारात गेल्या असताना मालकांनी मला ओला पंचा गुंडाळला आणि घारग्यांसाठी आणलेल्या लाल भोपळ्यावर हाणलं. भोपळा फुटला, आवाज मात्र ‘धप्प’ एवढाच. मालकांनी आनंदाने टाळी वाजवली. बाईंना सांगितलं, मांजरीने पाडला. मी गप्प बसलो. दुसरं काय करणार?

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला शाळेच्या हॉलमध्ये परिसंवाद होता. विषय, ‘ऐतिहासिक रहस्यकादंबरी: साहित्य की करमणूक?’ बोलायला आमचे मालक आणि मुलुंडचे समीक्षक धोंडिराम नेरुरकर. हरेश्वरांनाही आमंत्रण होतं, पण ‘प्रकृती बरी नाही’ असा निरोप प्रकाशकाकडून आला.

त्याच दुपारी शेजारच्या बिल्डिंगमध्ये बारसं होतं. पाळण्याखालून वरवंटा फिरवावा लागतो, आणि घरोघरी मिक्सर झाल्यामुळे वरवंटा कोणाकडेच नव्हता. मग काय, बाईंनी मला नेलं. मला टोपडं घातलं, काजळ लावलं, तीट लावली. बायकांनी “गोविंद घ्या, गोपाळ घ्या” करत मला इकडून तिकडे दिलं. तसाच मला पिशवीत टाकून बाई घाईघाईने हॉलवर आल्या आणि तिसऱ्या रांगेत बसल्या.

आधी दोघा वक्त्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. मग मालक बोलले. हरेश्वर उथळ, बेगडी, कृतक. बाई खुर्चीत धुसफुसत होत्या. नंतर नेरुरकर उठले.

“ह्या हरेश्वरांच्या ताज्या कादंबरीत बघा,” ते म्हणाले, “दाराबाहेर पहारेकरी बसलाय, आत वरवंट्याने सावकाराचं डोकं फोडतात, आणि त्याला ऐकू येत नाही! ह्या लेखकाने जन्मात वरवंटा हातात धरला नसेल.”

हॉल हसला. मालक ताडकन उभे राहिले.

“नाहीच येत ऐकू! वरवंट्याला ओला पंचा गुंडाळला की नुसतं धप्प होतं. पंच्याचा परिच्छेद छापताना गाळला गेला म्हणून घोटाळा झाला! मी स्वतः घरी लाल भोपळ्यावर करून पाहिलंय!”

“अहो!” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. “म्हणजे माझा भोपळा तुम्ही फोडलात? मांजरीने पाडला म्हणालात ना मेलं?”

“ते घरी बोलू गं! बारशाला नेलेला वरवंटा पिशवीत आहे ना? आण इकडे!”

बाईंनी मला व्यासपीठावर आणून दिलं. टोपडं, काजळ, तीट, सगळं तसंच. लोक खुर्च्यांवर उभे राहून बघू लागले. मालकांना कशाचंच भान नव्हतं. टोपड्यावरूनच त्यांनी सत्काराची शाल मला गुंडाळली, तिच्यावर तांब्यातलं पाणी ओतलं आणि सत्काराचाच नारळ समोर ठेवून दणका दिला.

धप्प. नारळाची दोन शकलं झाली आणि पाणी नेरुरकरांच्या टिपणांवर गेलं. टाळ्याच टाळ्या! एवढा मान मला बारशातही मिळाला नव्हता.

टाळ्या थांबल्यावर नेरुरकरांनी टिपणं झटकत विचारलं, “पण पेडणेकर, गाळलेला परिच्छेद तुम्हाला कसा माहीत?”

‘प्रकाशक ओळखीचे आहेत’ एवढं मालक म्हणाले असते तरी सुटले असते. तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी समोर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

“कारण तो मी लिहिलाय,” मालक म्हणाले. “हरेश्वर मीच.”

पुढे जे व्हायचं ते झालं. मासिकांनी लेख मागवणं बंद केलं. नेरुरकरांनी ‘स्वतःच्याच तोंडात मारणारा समीक्षक’ असा लेख लिहिला. बरा होता, पण थोडा उथळ.

घरी त्या रात्री बाईंनी माझं टोपडं सोडलं, काजळ पुसलं. मग एकदम म्हणाल्या, “चार वर्षं माझ्यासमोर बसून त्या माणसाला शिव्या दिल्यात. माझा आवडता लेखक होता तो.”

“मीच होतो ना गं तो.”

“म्हणूनच तर जास्त राग येतोय. आणि कादंबरीतल्या त्या गरीब गोदूला विहिरीत कशाला ढकललंत? दोन दिवस जेवण गेलं नाही मला!”

मालक रडताहेत की हसताहेत, ते मला कळेना. बहुतेक दोन्ही.

तेव्हापासून समीक्षा घरातच होते. मालक एकेक प्रकरण वाचून दाखवतात आणि बाई भाजी निवडत ऐकतात. “पाणचट आहे, परत लिहा,” म्हणाल्या की मालक निमूट परत लिहितात. आज नवी कादंबरी संपली. शेवटचं पान ऐकून बाई उठून आत गेल्या. मालक मला हातात घट्ट धरून बसले.

बाई चहा घेऊन आल्या. “लेखकाचं नाव काय घालणार?”

“हरेश्वर. आणखी काय?”

“नाही. दशरथ पेडणेकर घाला. मला बिल्डिंगमध्ये सगळ्यांना दाखवायचंय.”

मालकांनी पहिलं पान पुढे ओढलं आणि आपलं नाव लिहायला घेतलं. मी पानाच्या कोपऱ्यावर बसून आहे. मित्रहो, घरात कोणाचं काही आवडलं तर त्याच्या तोंडावर सांगत जा, एवढंच मागणं आहे. माणसं त्या एका शब्दासाठी फार थांबतात, हे मी अगदी जवळून पाहिलंय. बरं, आता मला बोलण्यात गुंतवू नका. शाई अजून ओली आहे, आणि पंखा फुल्लवर आहे.