बारीक तारेचं टेबल

तारकाकूंच्या दुकानात दोन टेबलं होती. दाराजवळचं जाड कामाचं. त्यावर पंखे, रेडिओ, इस्त्रीच्या जळक्या वायरी असा सगळा पसारा पडलेला असायचा, आणि ते सुनेचं. खिडकीजवळचं बारीक तारेचं, ते काकूंचं. तिथे कानाची यंत्रं यायची. त्यांच्या आतली तार केसाहून बारीक, आणि ती ज्या ठिपक्यावर जोडायची तो खसखशीएवढा. त्या टेबलावर सुनेने फडकं मारलं, तरी काकू तेच फडकं घेऊन पुन्हा मारायच्या.

काकू नाकावर माशी बसू देणाऱ्यातल्या नव्हत्या. कामाचा गर्व तर विचारूच नका. पण तो फुकाचा नव्हता. त्यांनी जोडलेली तार आपसूक सुटली, अशी तक्रार घेऊन आजवर कोणी त्यांच्या दारात आलेलं नव्हतं.

आणि आता त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. मोतीबिंदू कालच काढला होता. दुसऱ्या डोळ्याचा अजून काढायचा होता, त्यामुळे त्याला सगळं जग धुक्यात बुडालेलं दिसायचं. वाकायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. म्हणून काकू आपल्याच टेबलापाशी हात बांधून, त्याची राखण करत बसल्या होत्या.

अशात कोपऱ्यावरचा शिंपी मुलीला घेऊन आला. तिला एकाच कानाने काय ते ऐकू यायचं, तेही यंत्र लावलं तर. नाटकाची टोपी घालून बघताना यंत्र अडकलं, ओढलं गेलं, आणि आतल्या चिमुकल्या स्पीकरची तार तुटली.

"काकू, आज संध्याकाळी शाळेचं नाटक आहे हो," शिंपी म्हणाला. "ही डाकूंची सरदार आहे. समोरच्याचं वाक्य कळलं नाही, तर ही तोंड उघडणार कधी?"

"ओठ बघून कळतं मला!" मुलगी ओरडूनच म्हणाली. "पण शिपाई मेले माझ्या पाठीमागून बोलतात!"

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर पोरीचं नाटक बुडणार. हो म्हणावं तर कोणाच्या जिवावर?

"मी करते, आई," सून म्हणाली.

"तू? तू कधी केलंयस हे?"

"तुम्ही दुपारी पडता ना, तेव्हा. टाकाऊ यंत्रांवर हात बसवलाय."

"म्हणजे माझं तारेचं रीळ तू संपवत होतीस? अगं, मी उंदरांना शिव्या घालत होते!"

"ऐकत होते मी," सून म्हणाली. "चांगल्या सणसणीत होत्या."

शिंप्याला हसू आवरेना. काकू हसल्या नाहीत. "हे बघ, तापलेली सोल्डरिंग गन जरा जास्त टेकली, तर तो ठिपकाच उचकटून हातात येईल. मग स्पीकर गेला. आणि दुसरा आज मिळायचा नाही."

"माहीत आहे, आई."

"माहीत असणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं." असं म्हणता म्हणता त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली. टेबल मोकळं झालं.

सून बसली. भिंगावरचा दिवा लागला तेवढा काकूंना उजेडाचा डाग दिसला, बाकी काही नाही. मग त्यांनी उघडा डोळाही मिटून घेतला आणि कान टवकारले. चिमटा उचलल्याचा आवाज आला. सुनेने श्वास रोखला. वितळत्या सोल्डरमधल्या राळेचा ओळखीचा धूर आला, छोटीशी चुरचुर झाली.

"झालं," सून म्हणाली. "आई, काय चमकतंय!"

"चमकू दे. वास कुठाय?"

"आला की राळेचा."

"राळेचा नाही गं. या तारेवर वार्निश असतं. ते जळलं की कडू वास येतो, नाकात बसतो. तो मला आला नाही. वार्निशवरच सोल्डर चढलंय तुझं."

सुनेने मीटर लावला. तार धड जोडलेली असती, तर त्यातून बारीक शिट्टी आली असती. मीटर गप्प. काकूंना क्षणभर बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. डोळे गेले तरी आपल्याशिवाय इथलं पान हलत नाही, हा आनंद कोणाला नको असतो? पण लगेच त्यांना पाय हलवत बसलेल्या मुलीची चप्पल जमिनीवर घासताना ऐकू आली, आणि तो आनंद ओसरला.

सुनेने तार सोडवली. एकदा ठिपका तापून झाला होता. पुन्हा तापवायचा म्हणजे जिवावरचा खेळ. या वेळी तिने आधी तारेचं टोक वेगळं धरून सोल्डरच्या थेंबात बुडवलं. कडू वास भसकन नाकात शिरला. मग ते टोक ठिपक्यावर आलं. चुरचुर झाली. "काढ आता" असं म्हणायला काकूंनी तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच क्षणी सुनेने गन उचलली. काकूंचा शब्द तोंडातच राहिला.

मीटर वाजला. शिंप्याचा जीव भांड्यात पडला.

"तार थोडी सैल ठेवलीय, आई. छोटा वळसा दिलाय," सून यंत्र बंद करता करता म्हणाली. "पुन्हा ओढली गेली तर ताण वळशावर येईल, जोडावर नाही."

काकू आयुष्यभर तार सरळ ताणून बसवत आल्या होत्या, कारण ती देखणी दिसायची. ओढल्यामुळे तुटलेली यंत्रं परत आली, की गिऱ्हाइकालाच धांदरट म्हणून झापायच्या. वळसा द्यायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांचा ऊर असा भरून आला, की पट्टीखालचा डोळा चुरचुरायला लागला. पण सुनेचं तोंडावर कौतुक करायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि मागे फिरायचे.

मुलीने यंत्र कानात घातलं.

"थांब, तपासू दे," काकू उठल्या. चाचपडत तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "मी हळू काहीतरी बोलते. जे ऐकू येईल ते म्हणून दाखव." त्यांनी तोंडावर हात धरला आणि खाली न वाकता, अगदी पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हटलं. शेजारी उभ्या असलेल्या शिंप्यालाही ते कळलं नाही.

मुलीने मान ताठ केली, कमरेवर हात ठेवले, आणि डाकूंच्या सरदाराच्या आवाजात, रस्त्यापलीकडची माणसं वळून बघतील अशी गरजली:

"माझ्या सुनेचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे!"

सुनेच्या हातातला चिमटा टेबलावर पडला.

"बरोबर आहे ना, काकू?" शिंप्याने विचारलं.

"शब्दन् शब्द," काकू म्हणाल्या.