बेसवाल्याचा निरोप

संगीत माणसांना जोडतं. जोडलेली माणसं सुटी राहावीत म्हणून या बँडच्या गाडीत सगळे कानात बोळे घालून बसायचे. रोज एकमेकांचं ऐकून झाल्यावर प्रवासात तरी कोणाचं ऐकावं लागू नये, एवढीच माफक अपेक्षा.

गाडी पठारावरून चालली होती. नजर पोचेल तिथवर पिवळं गवत, पलीकडे निळे डोंगर, मध्येच एखादं तळं आणि त्याच्या काठी कोणीच नाही. गायिका झोपली होती. ड्रमवाला मोबाइल खिडकीला लावून रेंज शोधत होता. दोघांच्या मागे, आपल्या भल्यामोठ्या स्पीकरला टेकून बेस गिटार वाजवणारा बेसवाला बसला होता. त्याला एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी चालून आली होती आणि संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. जातो म्हटल्यावर कोणी एकाने जरी 'थांब' म्हटलं असतं, तरी त्याचं भागलं असतं.

"मी बँड सोडतोय," तो समोरच्या सीटच्या पाठीला म्हणाला. मग इतक्या वर्षांची साथ, सुखदुःखं वगैरे. बोलता बोलता त्याचा त्यालाच हुंदका आला.

कोणी हललं नाही.

"खरंच जाताय का दादा?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं. गाडीत कान उघडे असलेला तो एकटाच.

"तुम्हाला नव्हतं सांगायचं."

"मग मी नाही ऐकलं."

पुढे चहाला थांबले. रस्त्यालगत एकच दुकान, बाकी चारही दिशांना आभाळ. बोळे निघाल्याची खात्री करून त्याने पुन्हा सांगितलं. या खेपेला सुखदुःखं गाळली.

"शाळेत नोकरी लागलीय. बँड सोडतोय."

ड्रमवाला त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. "अभिनंदन भावजी! ताईला कळवलंत? सुटलो म्हणेल."

"कोण, ती?"

"म्हणजे... आपण सगळेच." त्याने घाईघाईने बिस्कीट तोंडात कोंबलं.

"छान झालं रे," गायिका म्हणाली. "मुलं गोड असतात." मग गाडीकडे बघत, "तुझा तो स्पीकर तू नेशील ना? मागे पाय पसरता येतील."

"नेईन."

"घाई नाही हां. परत गेल्यावर ने."

आणखी काही विचारतील म्हणून त्याने चहा गार होऊ दिला.

"भावजी, आमचा एक फोटो काढा ना. डोंगर येऊ द्या मागे."

त्याने काढला. दोघं छान आले. डोंगरही.

गाडी सुटली, बोळे पुन्हा कानात गेले. चढावर रेंज आली तेव्हा त्याने शाळेला होकार कळवला.

शाळेत संगीताचा तास फक्त मंगळवारी असायचा. मंगळवारी या बँडला आजवर एकही कार्यक्रम मिळाला नव्हता.