अकिलाबाईंचा आवाज

भोरात एहसान सरांना ओळखत नाही असा माणूस शोधून काढावा लागेल. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि रिटायर झाल्यावर घरी पेपर वाचत बसायचं सोडून हा बाबा गळ्यात दुर्बीण अडकवून रानोमाळ हिंडायला लागला. बरोबर बायको, अकिलाबाई. डोक्यावर ओढणी, पायात कापडी बूट, खांद्याला भाकरीची पिशवी आणि हातात छत्री. वेल्ह्यात केळदच्या खोऱ्यात म्हणा, भाटघरच्या पाण्यावर म्हणा, ही जोडी ठरलेली. एवढंच काय, पुण्याच्या ग्रुपबरोबर केनियाला गेले तेव्हाही बाईंनी जीपमधल्या गोऱ्या लोकांना भोरची शेंगदाण्याची चटणी चाखायला लावली होती.

आणि खरं सांगायचं तर पक्षी आधी दिसायचा तो बाईंना. सर पुस्तक चाळत असायचे, तोवर बाई नुसत्या डोळ्यांनी हेरायच्या. "अहो, त्या उंबराची खालची फांदी बघा." बघावं तर तिथं हमखास बसलेला असायचा. पण बाईंची एक खोड होती. देखणा पक्षी दिसला की त्यांना राहवायचंच नाही. "या अल्ला, कसला गोड हाय हो!" हे तोंडातून निघालंच म्हणून समजा. आणि इकडे सरांचं रेकॉर्डिंग चालू.

मग काय करायचे सर? घरी आले की कॉम्प्युटरपुढं बसायचे आणि तांदळातले खडे निवडावेत तसा प्रत्येक व्हिडिओतून बायकोचा आवाज निवडून बाहेर काढायचे. मूळ व्हिडिओ जागा खातात म्हणून लगेच पुसून टाकायचे. त्यांच्या चॅनेलवर लोक लिहायचे, 'सर, काय स्वच्छ आवाज आहे हो!' सरांना कोण आनंद! बाई मागं उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "माझं तेवढं बरोब्बर काढलंत." वर हसायच्या. त्या बाईला राग म्हणून नव्हताच. थोडा असता तर बरं झालं असतं.

डिसेंबरात बाई गेल्या. सकाळी चहा ठेवला आणि तिथंच ओट्याशी खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

चाळीसावा झाला, पाहुणे पांगले. मुलगी नुजहत सांगलीला परत निघाली. कडेवर सहा महिन्यांची पोर. दारात थांबून ती म्हणाली, "अब्बा, अम्मीचा आवाज आहे ना तुमच्याकडं? थोडा पाठवा. हिला ऐकवीन. मलापण हवाय."

"आहे की! ढिगानं आहे," सर म्हणाले. आणि खरंच त्यांना तसंच वाटत होतं. एवढी वर्षं ती बरोबर होती, जाईल कुठं आवाज?

रात्र-दिवस न बघता सर कॉम्प्युटरला चिकटले. अकराशेच्या वर व्हिडिओ. बुलबुल, धनेश, खंड्या, केनियातले ते लांबलचक पायांचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. सगळे कसे खणखणीत बोलत होते. अकिला कुठंच नव्हती. एका ठिकाणी छत्री मिटल्याचा आवाज सापडला. तो त्यांनी सतरा वेळा ऐकला. एका ठिकाणी बांगड्या वाजल्यासारखं वाटलं, ते निघालं बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. बाईंचा मोबाईल साधा बटणांचा, त्यात काही नाही. नुजहतच्या लग्नाच्या व्हिडिओत बाई बोलताना दिसत होत्या, पण त्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी लावलेली.

"अरे मूर्खा, एक तरी काम अर्धवट करायचं होतंस!" सर स्वतःलाच मोठ्यानं म्हणाले. आयुष्यभर पोरांना नीटनेटकेपणा शिकवला, त्याची अशी शिक्षा मिळेल असं कुणाला वाटलं असतं? नुजहतचे फोन येत होते आणि सर 'शोधतोय, शोधतोय' म्हणून वेळ मारून नेत होते.

ओळखीच्या सगळ्या पक्षीवाल्यांना फोन झाले. प्रत्येकाकडं होतं ते चॅनेलवरचंच, साफ केलेलं. मग एक दिवस एकदम आठवलं. हिर्डोशीचा सावळाराम! पावसाळ्यात वरंधा घाटाकडच्या ओढ्यांवर शीळकरी कस्तूर गातो, माणसानं शीळ घालावी तसा, तो दाखवायला सावळारामच घेऊन जायचा. एका वर्षी कॅमेरा भिजून बंद पडला म्हणून सरांनी मोबाईलवरच रेकॉर्डिंग केलं होतं, आणि सावळारामनं हौसेनं तिथल्या तिथं ते आपल्या मोबाईलात घेतलं होतं. तिथल्या तिथं! म्हणजे घरी यायच्या आधी, साफ व्हायच्या आधी.

हिर्डोशीत फोन लागेल तर शप्पथ. सरांनी सकाळची एसटी धरली.

सावळारामच्या अंगणात त्याची बायको रतनबाई नाचणी पाखडत होती. सरांना एकटं आलेलं बघून तिच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. बाई गेल्याचं त्यांना कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि दिसणं वेगळं. तिनं पदर डोळ्याला लावला. सावळारामनं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. सरांना धीर कुठला? त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

"हाय की," रतनबाई म्हणाली. "बाईंचं बोलनं हाय त्यात. म्या ऐकते कवाकवा. बाई आल्यागत वाटतं."

सरांच्या जिवात जीव आला. आयुष्यात कुठला दुर्मिळ पक्षी दिसला तेव्हा झाला नसेल एवढा आनंद त्यांना झाला. त्यांनी हात पुढं केला. सावळाराम मात्र मोबाईल काढीना. नुसता खिशावर हात ठेवून उभा.

"सर, ऱ्हाऊ द्या आता. नका ऐकू तुमी."

"का रे बाबा? त्याच्यासाठीच तर आलोय."

सावळारामनं बायकोकडं बघितलं. ती नाचणीकडं बघत बसली. शेवटी त्यानं मोबाईल काढला, शोधून लावला आणि सरांच्या हातात देऊन गोठ्याकडं निघून गेला.

आधी नुसतं ओढ्याचं पाणी आणि छत्रीवर पडणारा पाऊस. मग ती. "अहो, अहो, त्यो बघा! त्या खडकावर! या अल्ला, कसला निळा हाय हो! माझ्या नुजीच्या शालूगत—"

आणि त्याच्यावर दुसरा आवाज. "तोंड बंद ठेव की जरा! सगळ्याची माती करतेस. उद्यापासून घरीच बसत जा."

सरांना क्षणभर कळेना हा कोण माणूस एवढा खेकसतोय. मग कळलं.

"बरं," अकिला म्हणाली. अगदी हळू.

त्यानंतर कस्तूर गायला लागला. दोन मिनिटं गात होता, असा की ऐकत राहावं. सर कान देऊन ऐकत होते, पण कस्तुराला नव्हे. आता बोलेल, मग बोलेल. निदान खोकेल तरी. ती तिथंच होती, सरांच्या खांद्याला खांदा लावून, मोबाईल भिजू नये म्हणून छत्री त्यांच्यावर धरून स्वतः भिजत. शेवटपर्यंत तिनं श्वासाचासुद्धा आवाज येऊ दिला नाही.

दुपारच्या एसटीनं सर भोरला आले. व्हिडिओ आता त्यांच्या मोबाईलात होता. कॉम्प्युटर लावला. मधला तो पुरुषाचा आवाज तेवढा काढून टाकायचा, दोन मिनिटांचं काम, हात बसलेला. नुजहतला कळणारही नाही. अम्मी बोलली, मग पक्षी गायला, एवढंच उरेल. सरांनी जागा शोधली, खूणही केली. मग बटणावर आलेलं बोट मागं घेतलं.

"या अल्ला, आयुष्यभर तिचाच कापला," ते म्हणाले, "आता माझा कापून साळसूद होऊ?"

त्यांनी खूण काढून टाकली आणि व्हिडिओ आहे तसा पाठवून दिला.

नुजहतचा फोन तासाभरानं आला. पलीकडून तिच्या पोरीचं कुरकुरणं तेवढं येत होतं. सरांनी मनाची तयारी केली होती. रागावेल, बोल लावेल, लावू दे.

नुजहत रागावली नाही. रडत रडत एवढंच म्हणाली, "अब्बा, अम्मी किती लगेच गप्प बसली हो."