अकरावा रकाना

पुलावरच्या भेटीचा दिवस महिन्यातून एकदाच येतो. नदीपलीकडे आता दुसरं सरकार आहे, आणि माझी आई तिकडे राहते. तिने नातीला अजून हातात घेतलेलं नाही. मुलगी आठ महिन्यांची झाली, पण तिला पुलावर न्यायचं तर तिचा स्वतःचा नागरिकत्वाचा दाखला हवा.

अर्ज मी गेल्याच आठवड्यात भरून दिला होता. आज खिडकीतल्या कारकुनाने तो माझ्याकडे परत सरकवला.

"ताई, अकरावा रकाना. 'पाल्याची निष्ठा केवळ याच राष्ट्राशी आहे काय?' इथे हो किंवा नाही लिहायचं असतं. तुम्ही पुरवणी जोडलीय."

जोडली होती खरी. चांगलं दीड पान. राज्यशास्त्र शिकलेल्या बाईला प्रश्न दिसला की हात शिवशिवतो. राज्य आपल्या हद्दीत हुकूम देऊ शकतं, पण माया कोणावर करायची हेही तेच ठरवणार का, असं बरंच काही लिहिलं होतं. वर, माझ्या मुलीची निष्ठा तूर्तास दुधाशी आहे, हेही.

"वाचलंत का हो तुम्ही?"

"सगळ्या टेबलांनी वाचलं. साहेबांनी तर दोनदा. छान लिहिता." त्याने चष्मा पुसला. "पण आता नवा अर्ज, नवा क्रमांक. दाखला पुढच्या महिन्यात."

"भेट या रविवारी आहे, भाऊ."

"मला कळतंय हो. माझ्या हातात असतं तर..."

मुलगी कडेवर चुळबुळत होती. कणकण तर नाही ना, म्हणून मी उगाच तिचं कपाळ चाचपलं. मग नव्या अर्जावर 'हो' लिहिलं. आईच्या तोंडावर दार लावून घेतल्यासारखं वाटलं.

रविवारी मुलीला नवऱ्याजवळ ठेवून एकटीच गेले. आई पुलाच्या मध्यावर उभी होती, माझ्या मागे बघत.

"कुठंय गं ती?"

सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल.

"दीड पान?" ती म्हणाली. "मला पत्र लिहायचीस तेव्हा चार ओळींत उरकायचीस."

"आई..."

"हो लिहिलंस ना शेवटी? बरं केलंस. उगाच शहाणपणा नको आता."

घरून निघण्याआधी मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती, हे मी सहज बोलून गेले. कोणत्या, असं आईने विचारलं. मी डावा दाखवला. तिने त्यावर नाक टेकलं. पहारेकरी वेळ संपली म्हणून दोनदा सांगून गेला, तरी तिने मान वर केली नाही.