पुसून दाखवलेले फोटो

अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाईन गावच्या बायकांना कुणाला वाळीत टाकायचं असलं की त्या आरडाओरडा करत नाहीत, कॉफीला बोलावतात. नजीबालाही तसंच बोलावणं आलं. युम्नाच्या घरी, सिदी मबरूक मोहल्ल्यात, असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर. "येताना लॅपटॉप आण," एवढंच पुढे जोडलेलं. ना सलाम, ना कशी आहेस. अकरा वर्षं ज्या बायकांच्या लेकींची लग्नं नजीबाने कॅमेऱ्यात टिपली, त्यांच्याकडून हा असला कोरडा निरोप.

झालं होतं असं. युम्नाच्या लेकीचं, दुन्याचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. बायकांच्या हॉलमध्ये पुरुषाची सावलीही पडत नाही, त्यामुळे तिथे कॅमेरा चालतो तो बाईचाच. आत शिरताना प्रत्येकीचा मोबाइल दारातल्या टोपलीत जातो. मग डोक्यावरचे रुमाल उतरतात, केस मोकळे होतात आणि नाच सुरू होतो. त्या रात्री दारात टोपली घेऊन खुद्द युम्ना उभी होती, आणि आपल्या सख्ख्या नणंदेचीसुद्धा पर्स तिने चाचपून पाहिली होती. आणि आता बावीस सेकंदांची एक चित्रफीत गावभर फिरत होती. दारूच्या रंगाच्या मखमली गंदुरात, म्हणजे नवरीच्या पायघोळ झग्यात, केस सोडून, हातात लाल रुमाल फिरवत नाचणारी दुन्या. ती पार अन्नाबा शहरात, दुन्याच्या सासरी, नवऱ्याच्या चुलतभावांच्या मोबाइलवर पोचली. सासूने सुनेला माहेरी आणून सोडलं आणि सांगितलं, हे कुणी केलं ते कळल्याशिवाय न्यायला येणार नाही. त्याला नऊ दिवस झाले होते.

हॉलमध्ये कॅमेरा एकच होता, तेव्हा चोरही एकच. एवढा साधा हिशेब कुणालाही जमतो.

"फोनवरची आहे ती, माझी नाही," नजीबाने दूरध्वनीवर युम्नाला कळवळून सांगितलं होतं.

"कशावरून? नाव लिहिलंय का तिच्यावर?"

ती चित्रफीत इतक्या मोबाइलांतून पुढे ढकलली गेली होती, आणि प्रत्येक मोबाइलने ती इतकी दाबून लहान केली होती, की दुन्याच्या नाकाचे चार चौकोन झाले होते आणि रुमालाचा नुसता लाल डाग. नजीबाच्या महागड्या कॅमेऱ्याची चित्रफीतही दहा हातांतून गेली असती तर अशीच दिसली असती. असा एकदा चोथा झाला की ती कुठून आली हे देवालाच ठाऊक.

त्या दिवशी सकाळी नजीबाने दार लावून घेतलं आणि लॅपटॉप उघडला. इथे तिचं एक गुपित सांगायला हवं. ते चांगलं नाही, पण झाकून उपयोग नाही.

या गावात अल्बम दिला की पंधरा दिवसांनी पुसण्याचा दिवस असतो. फोटोवाली नवरीच्या घरी लॅपटॉप घेऊन जाते, आयांच्या, मावश्यांच्या डोळ्यांदेखत एकूण एक फोटो पुसते, त्यातला कचऱ्याचा डबाही रिकामा करते आणि शपथ घेते, "वल्लाही, माझ्याकडे काही उरलं नाही." मग कॉफी येते, अक्रोडाची मिठाई, जौझिया, येते, आणि सगळ्या निश्चिंत होतात. नजीबा हे सगळं चोख करायची. फक्त पुसायची ते जेपीजी.

तिचा कॅमेरा प्रत्येक फोटो दोनदा लिहायचा. एक जेपीजी, जो कुणाच्याही मोबाइलवर उघडतो. डोळ्याला सहसा जाणवणार नाही ते सगळं टाकून देऊन तो लहान केलेला असतो. दुसरी रॉ फाइल, तिच्यात कॅमेऱ्याने पाहिलेलं सगळंच्या सगळं असतं, काळोखातलंसुद्धा. वसंतात घरोघरी नारिंगाच्या फुलांचा अर्क काढतात, तसं समजा. जेपीजी म्हणजे बाटली, आणि रॉ म्हणजे फुलांचं आख्खं पोतं. पण ही पोती तिच्या लॅपटॉपवर नुसती पांढरी कोरी पानं म्हणून दिसायची, खाली एक आकडा. खास प्रोग्रॅममध्ये घातल्याशिवाय त्यांच्यात चेहरा उमटत नसे.

"ही पांढरी पानं कसली ग?" एखादी विचारायची.

"मशीनचं काहीतरी असतं, मावशी," नजीबा म्हणायची, आणि कॉफीचा घोट घ्यायची.

पहिल्याच वर्षी एक नवरी रडत आली होती. पेनड्राइव्ह बिघडला, अल्बम भिजला, आणि पुसण्याच्या दिवशी नजीबाने इमानाने सगळं पुसलेलं. त्या मुलीचं रडणं नजीबाच्या मनातून गेलं नाही. तेव्हापासून ती रॉ ठेवू लागली. हे कारण खरं होतं, पण पुरतं नव्हतं. खरी गोष्ट अशी की आपलं काम आपल्याच हाताने मारायचं तिच्या जिवावर यायचं. रॉ म्हणजे काही फोटो नव्हे, ती धुतल्यावर फोटो होतो, मग शपथ खोटी कशी, असं तिने स्वतःला इतक्यांदा समजावलं होतं की तिला ते पटलं होतं. माणूस दुसऱ्याला फसवायला जेवढी मेहनत घेत नाही तेवढी स्वतःला फसवायला घेतो.

तर त्या सकाळी तिने दुन्याच्या लग्नाची पांढरी पानं चाळली. लाल रुमाल डोक्यावर गेला तो क्षण तिने टिपला होताच. अल्बममध्ये तो फोटो पानभर लावला होता. डावा कोपरा त्यात मिट्ट काळा होता. चित्रफीत मात्र त्याच डाव्या अंगाने, खांबाच्या बाजूने घेतलेली दिसत होती. नजीबाने रॉ उघडली आणि काळोख हळूहळू उजळत नेला. आधी खांब आला. मग कुंडीतलं पामचं झाड. मग एक शाल, शालीखालून डोकावणारी मोबाइलची पाठ, आणि पडद्याच्या निळसर उजेडात एक हनुवटी.

ती हनुवटी युम्नाची होती.

नजीबा मोठ्याने हसली, एकटीच. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मग चहा करायला उठली, आणि किटली हातात असतानाच पुढचं लक्षात आलं. हा फोटो दाखवायचा, तर आधी हे कबूल करायचं की तो आपल्याकडे आहे. दाखवला नाही तर आपण चोर. दाखवला तर खोटारडी. चहा तसाच राहिला.

युम्नाच्या दिवाणखान्यात सहा-सात जणी बसल्या होत्या. सगळ्या नजीबाच्या ओळखीच्या. मधल्या गादीवर बहिजा, मोहल्ल्यातली सगळ्यांत वडीलधारी, जिला सगळ्या 'खालती', म्हणजे मावशी, म्हणत; तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. शेजारी लतीफा, तिच्या जिभेला हाडच नव्हतं. दुन्या कोपऱ्यात, पाय पोटाशी घेऊन. कॉफी होती, पण नजीबाच्या पुढे कुणी कप सरकवला नाही.

"बस," युम्ना म्हणाली. "का उभ्याउभ्याच पळायचंय?"

"पळायला मी काय केलंय?"

"काय केलंय म्हणे! माझ्या पोरीचा संसार रस्त्यावर मांडलास, आणि वर तोंड करून विचारतेस?"

"युम्ना, मी तुझ्यासमोर सगळं पुसलं. तू डबा रिकामा करायला लावलास तोही केला."

"त्याच्या आधी विकलं असशील," लतीफा म्हणाली. "पंधरा दिवस काय थोडे असतात? मी तर तेव्हाच म्हटलं होतं, हिची नजर बरी नाही. नाचताना सारखी ती काचेतून बघत असते."

"काचेतून नाही बघणार तर काय कानातून बघू? फोटो काढायलाच बोलावता ना मला?"

"बघा, बघा! उलट उत्तरं बघा हिची!"

खालती बहिजाने हात वर केला. "भांडू नका. नजीबा बेटी, सरळ सांग. चित्रफीत तुझ्या कॅमेऱ्यातली आहे का?"

"नाही, खालती. हॉलमध्ये आणखी कुणाकडे तरी मोबाइल होता."

"कुणाकडे?" युम्ना उसळली. "टोपली मी स्वतः धरली होती! एकेकीची पर्स उघडून बघितली! माझ्या पाहुण्यांवर घेतेस? एवढी निर्लज्ज!"

नजीबाला शेवटची एक संधी द्यावीशी वाटली. "युम्ना," ती हळू आवाजात म्हणाली, "नीट आठव. तुझ्या फ्रान्सातल्या, मार्सेयच्या बहिणीला येता आलं नव्हतं. तिला काही पाठवलं होतंस का?"

क्षणभर युम्नाचा चेहरा पांढरा पडला. ते फक्त नजीबाला दिसलं. दुसऱ्याच क्षणी ती बाई वाघिणीसारखी अंगावर आली.

"माझ्या बहिणीचं नाव घेतेस? तुझ्या जिभेला किडे पडोत! ऐकलंत ना सगळ्यांनी? आजपासून हिला कुणी लग्नात बोलावलं तर त्या घरी मी पाणी पिणार नाही. बायकांच्या ग्रुपवर आत्ता लिहिते. अकरा वर्षं आपलं मीठ खाल्लंन हिने, आणि आपल्याच लेकींना बाजारात बसवलंन!"

"आई, पुरे," दुन्या कोपऱ्यातून म्हणाली.

"तू गप्प बस! तुझ्यामुळेच हे दिवस बघतेय मी!"

आणि युम्नाने खरंच मोबाइल काढला आणि लिहायला लागली. लतीफा तिला शब्द सुचवत होती. 'विश्वासघातकी' हा शब्द नजीबाने ऐकला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्यापासून गावात एकही दार तिला उघडणार नव्हतं, आणि तेही दुसरीच्या पापासाठी. त्या रागात पुढचा विचार करायला जागाच उरली नाही.

अल्बमसोबत दिलेला पेनड्राइव्ह तिने दुन्याकडून मागून घेतला, आणि लॅपटॉप उघडून बहिजाच्या पुढ्यात, कॉफीच्या कपांच्या मधोमध ठेवला.

"खालती, हा अल्बममधला फोटो, जेपीजी. दुन्याच्या पेनड्राइव्हवरचा. डावा कोपरा बघ. काय दिसतं?"

"काळं."

"उजेड वाढवते. आता?"

"काळंच आहे. मातकट झालं नुसतं."

"यात काळोख फेकून दिलेला असतो, म्हणून काही निघत नाही. आता हा बघ." तिने एक पांढरं पान उचलून प्रोग्रॅममध्ये टाकलं. तोच फोटो, तोच रुमाल. मग तिने उजेड वाढवला.

खांब आला. पाम आला. शाल आली. लतीफा पुढे वाकली आणि तशीच राहिली. हनुवटी आली, मग ओठ, आणि मग गालावरचा तो तीळ, जो साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होता.

"आई?" दुन्या म्हणाली.

युम्नाच्या हातातला मोबाइल मांडीवर पडला. "फक्त बहिणीला पाठवली होती," ती पुटपुटली. "तिला म्हटलं होतं, कुणाला दाखवू नकोस. शपथ घेतली होती तिने. मला काय ठाऊक ती... मी आईच आहे ना तुझी? मी टिपलं तर काय झालं?"

"नऊ दिवस," दुन्या उठून उभी राहिली. "नऊ दिवस तू मला दोष देत होतीस. केस कशाला सोडलेस म्हणून." ती आतल्या खोलीत गेली आणि दार आपटलं. युम्ना तिच्यामागे गेली नाही. तोंडात शालीचं टोक कोंबून ती बसल्या जागी हुंदके देऊ लागली, आणि तिला कुणी जवळ घेतलं नाही.

नजीबाला वाटलं, आपण जिंकलो. आता बहिजा आपली माफी मागायला लावेल, लतीफाच्या नाकाला मिरच्या झोंबतील, आपल्यापुढे कप सरकेल. तिने मान वर केली.

बहिजा युम्नाकडे बघत नव्हती. ती लॅपटॉपकडे बघत होती.

"हा फोटो कधीचा?" तिने विचारलं.

"लग्नातलाच, खालती. दुन्याच्या."

"तो तू पुसला होतास. याच खोलीत. मी इथेच बसले होते."

नजीबाने काहीतरी सांगायला सुरुवात केली. ही कच्ची फाइल, हिला फोटो म्हणत नाहीत, धुतल्यावर मग तो फोटो होतो, असं काहीबाही. घरी एकटीला पटणारं ते सगळं या सात जणींच्या पुढे तिच्याच कानाला बावळट वाटलं, आणि ती मध्येच थांबली.

"ही खालची पांढरी पानं," बहिजा म्हणाली, "ही सगळी अशीच आहेत?"

नजीबाने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"माझ्या लेकीचं, सकीनाचं लग्न तू टिपलंस. सहा वर्षं झाली. ती पानं आहेत?"

"आहेत."

"माझ्या दोघी सुनांची?" भिंतीकडची एक बाई म्हणाली. लग्नात पोटावरचा पट्टा सुटेपर्यंत नाचलेली.

"आहेत."

"आणि माझी?" लतीफाने विचारलं. पहिल्यांदाच तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "माझ्या बहिणीच्या लग्नात मी... मी नाचले होते. ते?"

नजीबाने होकारार्थी मान हलवली. "मी कुणाला दाखवलं नाही, वल्लाही. अकरा वर्षांत एकालाही नाही."

ती शपथ खरी होती. पण याच खोलीत, याच शब्दांत घेतलेली आधीची शपथ सगळ्यांना आठवत होती.

खालती बहिजाने खांद्यावर पडलेला रुमाल उचलला आणि हळूच डोक्यावर घेतला. पांढरे केस आत सारले, गळ्याशी गाठ मारली. घरात, बायकांमध्ये, बाईसमोर कुणी डोकं झाकत नाही. परपुरुष आला तरच झाकतात. मग भिंतीकडच्या बाईने आपला रुमाल ओढला. मग लतीफाने. एकेक करत खोलीतली प्रत्येक बाई नजीबाकडे बघत डोकं झाकत गेली, आणि शेवटी युम्नानेसुद्धा, डोळे पुसत, शाल कपाळापर्यंत ओढून घेतली.