शिटीची जुळवणी

कुकरची शिटी संपल्यावर मागे जो बारीक सूं उरतो, तो माझ्या उजव्या कानात कायमचा मुक्कामाला आलाय. नवरा म्हणतो, "आम्हाला तर काही ऐकू येत नाही." जणू मी कानात रेडिओ लावलाय आणि आवाज मुद्दाम लहान ठेवलाय.

विश्वास ठेवला तो एकट्या धाकट्या बहिणीने. "ताई, तुला येतो म्हणजे येतो," म्हणाली, तेव्हा मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते.

कान आणि मेंदूवर संशोधन करणाऱ्या संस्थेत ती तपासण्या करते. तिनेच मला तिकडे नेलं. "हा आवाज कानात नसतो गं, मेंदू तयार करतो. का करतो, ते शोधतोय आम्ही." माझा मेंदू काहीतरी तयार करतो, असं आमच्या घरातलं माणूस पहिल्यांदाच म्हणत होतं.

मला स्पंजच्या भिंतींच्या बंद खोलीत बसवलं. डोक्यावर हेडफोन, हातात एक गोल बटण. ते फिरवत हेडफोनमधला आवाज आपल्या कानातल्या आवाजाशी जुळवायचा. मग सुरुवातीचा आवाज बदलतात आणि पुन्हा जुळवायला लावतात. दर वेळी तिथेच येऊन थांबलात, तरच खरं. काचेपलीकडे धाकटी. तिने टेबलावरची कळ खाली केली की लाल दिवा लागतो आणि तिचं बोलणं माझ्या कानात येतं.

"ताई, आता पुन्हा एकदा हं," ती म्हणाली, आणि कळ वर करायची विसरली.

तेवढ्यात तिच्याजवळ मोठ्या डॉक्टरबाई आल्या. "बहीण ना तुझी? खरंच त्रास आहे?"

"खरं सांगू मॅडम? हिला लहानपणापासून सगळं जरा जास्तच होतं. काटा रुतला तरी घर डोक्यावर. मुलं लांब गेली, आता कुणीतरी विचारावं, एवढंच. घरी मी आपली हो ला हो करते. आपल्या अभ्यासाला माणसं कमी पडत होती, म्हणून आणली."

माझा हात बटणावर तसाच राहिला. वाटलं, उठावं, दार आपटावं. पण त्या दाराला स्पंज लावलाय, ते आपटतसुद्धा नाही. शिवाय उठले असते तर तिचंच खरं ठरलं असतं. मी डोळे मिटले आणि बटण फिरवत राहिले. दर वेळी तिथेच.

"अगं, ही तर प्रत्येक वेळी तिथेच थांबतेय!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "अशी जुळवणी ढोंग करून होत नाही. घे हिला अभ्यासात."

त्या गेल्या. धाकटी हसत आत आली. "ताई, जिंकलीस!"

मी हेडफोन काढून तिच्या डोक्यावर चढवला आणि जुळवलेला आवाज चालू केला. थोड्याच वेळात तिने तो ओढून काढला. "ई! डोकं उठलं माझं. असा सारखा येतो?"

"सारखा."

तिचे डोळे भरून आले. एरवी मी जवळ घेतलं असतं.

"तुझा दिवा चालू राहिलाय बघ," मी म्हटलं. "मघापासून."

तिने काचेतून टेबलाकडे पाहिलं. चेहरा उतरला. "ताई... मला तसं नव्हतं म्हणायचं गं."

"बरं," मी म्हटलं आणि पर्स उचलली.

हो ला हो करायला मलाही येतं.